विहिरीवरील मोटार आणि विजेचा हिशेब



मागील रब्बी हंगामाच्या तोंडावर एका शेतकरी मेळाव्यात मी पाणी उपसा पंपाच्या कार्यक्षमतेविषयी बोलत होतो. बोलणे अर्ध्यावर आले असता मागील बाजूस बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्यांनी हात वर केला आणि विचारले, "साहेब, साडेसात अश्वशक्तीपर्यंत बिल माफ आहे. मग वीज वाचवून आमचा फायदा काय?" मंडपात हशा पिकला. मीही हसलो, पण त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. देशाचे हित, कोळशाची बचत असे काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. तो प्रश्न मात्र मनातून गेला नाही. प्रश्न रास्त होता. महाराष्ट्रात मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना २०२४ मध्ये जाहीर झाली असून एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळासाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख कृषिपंपधारकांना तिचा लाभ देण्याचे ठरले आहे. ज्या वस्तूचे पैसे पडत नाहीत ती जपून वापरा असे सांगणाऱ्याने तसे कारण दिले पाहिजे.

विहिरीवर मोट चालत असे तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नसता. किती मोटा ओढल्या, किती वाफे भिजले आणि बैल किती दमले याचा हिशेब रोजच्या रोज डोळ्यांसमोर असे. बैलाच्या खांद्याला सूज आली की पाणी थांबे. विजेची मोटार आली आणि बैलांचे कष्ट संपले. ही फार मोठी सोय झाली यात शंका नाही. पण त्याबरोबर मोजणीही संपली. पुढे मीटरऐवजी अश्वशक्तीप्रमाणे ठोक आकारणी आली, तेव्हा एक तास मोटार चालली काय आणि आठ तास चालली काय, बिल तेच. आता तर बिलही नाही. तेव्हा आपल्या मोटारीने घेतलेल्या विजेतील किती वीज पाणी उचलण्याच्या कामी लागते आणि किती वाया जाते, हे आज बहुतेकांना माहीत नाही. ते घरच्या घरी काढता येते. तेथूनच सुरुवात करू.

एक युनिट वीज किती काम करते?

काहीही वाया न जाता एक युनिट वीज पूर्णपणे पाणी उचलण्याच्या कामी आली, तर ती ३६७ हजार लिटर पाणी एक मीटर उंच उचलू शकते. उंची दहा मीटर असेल तर ३६.७ हजार लिटर, वीस मीटर असेल तर त्याच्या निम्मे. हा निसर्गाचा नियम आहे; कोणत्याही कंपनीचा पंप यापुढे जाऊ शकत नाही.

आता आपला पंप तपासण्यासाठी २०० लिटरची एक टाकी, सेकंद काटा असलेले घड्याळ आणि मोजपट्टी एवढे साहित्य पुरे. मोटार सुरू करून अर्धा तास जाऊ द्यावा, म्हणजे विहिरीतील पातळी स्थिर होते. शेतातील पाइपच्या तोंडाशी टाकी धरून ती किती सेकंदात भरते ते पाहावे. तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी. विहिरीतील पाण्याच्या पातळीपासून पाइपच्या तोंडापर्यंतची उभी उंची मोजावी; पाइपलाइनची लांबी येथे धरू नये. मीटर चालू असल्यास एका तासात किती युनिट पडली ते पाहावे. मीटर नसेल किंवा बंद असेल तर वायरमनकडून प्रवाह व दाब मोजून घेऊन अंदाज काढता येतो.

समजा, टाकी ४० सेकंदात भरली. म्हणजे सेकंदाला ५ लिटर, तासाला १८ हजार लिटर पाणी मिळते. उभी उंची १२ मीटर आहे आणि तासाला ४ युनिट पडतात. तर १८ गुणिले १२ म्हणजे २१६. त्याला ३६७ ने व नंतर ४ ने भागले असता उत्तर येते सुमारे ०.१५. याचा अर्थ, रुपयातील पंधरा पैशांचे काम झाले आणि पंच्याऐंशी पैसे वाटेत गेले. हे उदाहरण मी मुद्दाम वाईट घेतलेले नाही. पाच अश्वशक्तीची मोटार, जुना पंप आणि तीनशे मीटर बारीक पाइपलाइन असेल तर असेच उत्तर येते.

हे पंच्याऐंशी पैसे कोठे जातात? काही पंपात व मोटारीत जातात. त्यातील थोडे जाणारच, कारण चांगला पंप आणि चांगली मोटार मिळून निम्म्याच्या आसपास काम देतात. पण फार मोठा वाटा पाइपमध्ये जातो, आणि त्याकडे कोणाचेच लक्ष नसते.

बारीक पाइप म्हणजे खोल विहीर

पाइपमधून पाणी जाताना ते पाइपच्या भिंतीला घासते. त्या घर्षणावर मात करण्यासाठी पंपाला जादा जोर लावावा लागतो. हा जोर उंचीच्या मापात सांगता येतो. सेकंदाला ५ लिटर पाणी ६३ मि.मी. च्या पी.व्ही.सी. पाइपमधून (बाजारात याला दोन इंची म्हणतात) नेले, तर दर १०० मीटर लांबीला सुमारे ५ मीटर उंचीइतका जोर घर्षणात जातो. म्हणजे ३०० मीटर पाइपलाइनला १५ मीटर. आपली विहीर १२ मीटर आहे, पण पंपाला ती २७ मीटर असल्यासारखी वाटते! विहिरीहून अधिक खोल अशी एक दुसरी विहीर आपण स्वतःच्या हाताने जमिनीत आडवी पुरून ठेवली आहे असे म्हणावे लागेल.

याच पाण्यासाठी ७५ मि.मी. चा पाइप घेतला तर तीनशे मीटरला घर्षण सुमारे साडेसहा मीटर आणि ९० मि.मी. चा घेतला तर तीन मीटरपेक्षाही कमी होते. व्यास दीडपट झाला नाही तोच घर्षण पाचव्या हिश्श्यावर येते, कारण व्यास वाढला की घर्षण फार झपाट्याने घटते. पाइप घेताना दुकानात मीटरमागील भाव विचारून बारीक पाइप घेण्याकडे आपला कल असतो. तो पैसा एकदाच वाचतो. घर्षण मात्र पाइप जमिनीत आहे तोवर रोज द्यावे लागते.

येथे मेळाव्यातील प्रश्नाचे उत्तर सुरू होते. बिल नसले तरी वीज आठ तासच असते, त्यातही पाळी आणि खंड. आपल्याजवळ खरी टंचाई तासांची आहे. एक एकराला ५ सें.मी. पाणी द्यायचे तर सुमारे दोन लाख लिटर लागते. तासाला १८ हजार लिटर देणारा पंप याला अकरा तासांहून अधिक वेळ घेतो, म्हणजे एक एकर भिजवण्यास दोन पाळ्या. तोच जोर ९० मि.मी. च्या पाइपलाइनवर लावला आणि पंप कमी उंचीला जुळणारा असला, तर हिशेबाने तासाला २७ हजार लिटरपर्यंत पाणी मिळू शकते. मग तेच एकर साडेसात तासांत, एका पाळीत, भिजते. डिसेंबरच्या थंडीत दुसऱ्या रात्री दारे धरायला जावे लागत नाही. रात्रीच्या अंधारात साप-विंचवाच्या भीतीने ज्यांनी पाणी धरले आहे त्यांना या साडेतीन तासांची किंमत मी सांगायला नको.

एक समज येथे दूर करणे आवश्यक आहे. पाइपचे तोंड बारीक केले की धार लांब पडते. लांब धार पाहून पंप जोरात चालतो असे वाटते, आणि काही ठिकाणी तर पंपाची पसंतीच धारेवरून होते. वस्तुतः तोंड बारीक केल्याने पाणी कमी होते; दिसते तेवढे जोरात. त्याचप्रमाणे हौदात किंवा पाटात पाणी सोडताना पाइप दीड मीटर उंच उभा करून वरून पाणी पाडण्याची पद्धत आहे. ते दिसायला छान दिसते, पण विहीर बारा मीटर असता ही दीड मीटरची उंची आपण फुकट चढवतो. पाइप खाली वाकवून त्याचे तोंड पाण्याच्या पातळीजवळ ठेवावे. याला काहीच खर्च नाही.

फुटव्हॉल्व्हविषयीही हेच. हलक्या प्रतीच्या फुटव्हॉल्व्हची जाळी बारीक आणि आतील झडप जड असते. पाण्याला वाट अरुंद मिळते, त्यात शेवाळ व पालापाचोळा अडकला की पंप अक्षरशः गुदमरतो. आय.एस.आय. चिन्ह असलेला, मोठ्या जाळीचा फुटव्हॉल्व्ह घ्यावा आणि वर्षातून एकदा तरी बाहेर काढून साफ करावा. सक्शन पाइप डिलिव्हरीपेक्षा एक माप मोठा असावा, काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड वापरावेत आणि जमिनीवरील पंप पाण्याच्या शक्य तितका जवळ ठेवावा. पाण्याची पातळी पंपाच्या सहा-सात मीटरहून खाली गेली की असा पंप पाणी ओढताना अडखळू लागतो. इंपेलर झिजला असेल, ग्लँडमधून सतत धार लागली असेल, तर त्या दुरुस्त्या लांबणीवर टाकू नयेत.

मोटारीबाबत एवढेच सांगतो की, जळालेली मोटार गल्लीतल्या गल्लीत पुन्हा पुन्हा भरून घेतली की तिची कार्यक्षमता दर वेळी थोडी घटते, आणि कमी जाडीची किंवा हलकी तार वापरली तर अधिकच घटते. तीन-चार वेळा भरलेली मोटार टाकून देणे हीच काटकसर होय. नवीन पंपसंच घेताना त्यावरील तारे पाहावेत. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो एक ते पाच तारे देते. जास्त तारे म्हणजे तेवढ्याच पाण्याला कमी वीज. याच ब्यूरोच्या कार्यक्रमात सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागात २००९ च्या सुमारास देशातील असा पहिला प्रकल्प हाती घेण्यात आला आणि शेतकऱ्यांचे २२०० हून अधिक जुने पंप काढून तारांकित पंप बसविण्यात आले. वीजवापरात चांगली घट झाली. मात्र नवा पंप जुन्याच बारीक पाइपला जोडला तर अर्धे काम शिल्लक राहते.

एका डीपीवरचे शेजारी

आतापर्यंत सांगितलेले सर्व ज्याने त्याने आपल्या विहिरीवर करावयाचे आहे. यापुढील गोष्ट मात्र एकट्याने होणारी नाही.

मोटार वीजतारेतून दोन प्रकारचा प्रवाह घेते. एक प्रत्यक्ष काम करणारा. दुसरा मोटारीत चुंबकीय क्षेत्र तयार करण्यापुरता. तो काम करीत नाही, नुसता जा-ये करतो. बाजाराला जाणाऱ्या गाडीत धान्याच्या पोत्यांबरोबर रिकामी पोतीही रोज न्यावी-आणावी, तसा हा प्रकार आहे. गाडीतील जागा तर अडतेच. कपॅसिटर हे काम मोटारीजवळच करतो, म्हणजे रिकामी पोती घरीच राहतात. एरवी ६३ केव्हीए क्षमतेच्या डीपीवर पाच अश्वशक्तीच्या दहा मोटारी पूर्ण भाराने चालल्या की ती भरते. प्रत्येक मोटारीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर असेल तर त्याच डीपीवर बारा-तेरा मोटारी चालू शकतात. तारेतील प्रवाह सुमारे एक पंचमांशाने कमी होतो, तारा तापून होणारा नाश त्याहून अधिक, एक तृतीयांशापेक्षा जास्त घटतो आणि शेवटच्या खांबावरील मोटारीला दाब चांगला मिळतो.

अडचण अशी की, कपॅसिटरचा खर्च माझा आणि सुधारलेला दाब सर्वांचा. मी एकट्याने बसवला तर मला फरक जाणवत नाही. म्हणून कोणीच बसवत नाही. बसवलेलाही बिघडला की पुन्हा पाहिला जात नाही. या वृत्तीचे फळ काय ते आपण दर रब्बीत भोगतो. दाब कमी, म्हणून मोटार जास्त प्रवाह ओढते. जास्त प्रवाह, म्हणून वायंडिंग तापते. आणि गहू ओंबीवर असताना मोटार जळते.

ऑटो स्विचची कथा याहून वाईट आहे. रात्री-अपरात्री वीज येते, उठून जावे लागू नये म्हणून आपण ऑटो स्विच बसवतो. सोय समजण्यासारखी आहे. पण मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते. वीज येताच डीपीवरील दहाही मोटारी एकाच क्षणी उठल्या तर डीपीवर पन्नास-साठ मोटारींचा भार येतो. फ्यूज जातो. मग कोणीतरी जाड तार घालतो, आणि पुढच्या वेळी फ्यूजऐवजी डीपीच जळते. त्यानंतर नवी डीपी येईपर्यंतचे दिवस ज्यांनी मोजले आहेत त्यांना अधिक सांगणे नको. बिल माफ होते. वाळलेले पीक आणि रिवायंडिंगचा खर्च कोणी माफ करीत नाही. त्या वयस्कर शेतकऱ्यांना माझे दुसरे उत्तर हे आहे.

यावर उपाय साधा आहे. एका डीपीवरील सर्वांनी एकत्र बसून ठरवावे. ऑटो स्विच काढणे जमत नसेल तर वीज आल्यानंतर ठराविक वेळाने मोटार सुरू करणारा टायमर लावून प्रत्येकाने वेगळी वेळ लावावी. पहिल्याने दोन मिनिटे, दुसऱ्याने चार, तिसऱ्याने सहा अशी. कपॅसिटर सर्वांनी एकाच आठवड्यात बसवावेत, म्हणजे दाबातील फरक सर्वांना एकदम दिसतो आणि उत्साह टिकतो. मोटारीच्या अश्वशक्तीप्रमाणे त्याची क्षमता ठरते, ती जाणकाराला विचारूनच घ्यावी. जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ भार राहतो, त्याला हात लावू नये.

तंत्र आले, पण बचत कोठे गेली?

येथे माझ्याच घरचे उदाहरण देतो. आमची सहा एकर जमीन आणि एक विहीर. वडिलांचा दीड एकर ऊस सरीने भिजत असे. मी कृषि पदव्युत्तर शिक्षण घेत असताना आग्रह धरून ठिबक बसवले. पाणी खरोखरच निम्म्याच्या जवळ लागू लागले. मी खूष होतो. पुढील वर्षी सुट्टीत घरी गेलो तर ऊस साडेतीन एकर झालेला! वडील म्हणाले, "पाणी उरत होतं, मग ठेवायचं कशाला?" मोटार पूर्वीइतकीच, किंबहुना अधिक चालत होती. एप्रिलमध्ये विहिरीने तळ गाठला. पुढच्या वर्षी विहिरीतच आडवे बोअर मारले आणि त्यानंतर शेजारी खोल बोअरवेल घेतली. विजेची आणि पाण्याची जी बचत मी शिकवायला गेलो होतो ती आमच्याच शेतात जिरली. वडिलांची चूक होती असे मी म्हणणार नाही. उसाला हमखास भाव होता आणि मीही त्यांना वाचलेल्या पाण्याचे काय करायचे ते सांगितले नव्हते.

हे काही आमच्याच घरी घडले असे नाही. इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ साली कोळशावरील आपल्या पुस्तकात हेच दाखवून दिले होते. वाफेची इंजिने सुधारली, तेवढ्याच कामाला कमी कोळसा लागू लागला. पण त्यामुळे इंजिने स्वस्त पडू लागली, जिकडे तिकडे बसली आणि देशाचा एकूण कोळसा जास्तच जळू लागला. तंत्राने बचतीची संधी मिळते. ती बचत राखायची की पुन्हा खर्चायची हे माणूस ठरवतो.

सौर पंपाबाबत मला हीच काळजी वाटते. पी.एम. कुसुम योजना २०१९ मध्ये आणि राज्याची मागेल त्याला सौर कृषी पंप योजना २०२४ मध्ये आली. सर्वसाधारण शेतकऱ्यास दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यास पाच टक्के रक्कम भरून, जमिनीच्या प्रमाणात ३, ५ किंवा ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. दिवसा पाणी, डीपीची कटकट नाही, कोळसा नाही. या सर्व जमेच्या बाजू आहेत आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर लाभ घ्यावा. पण सूर्य उगवला की पंप सुरू आणि मावळला की बंद, अशी सवय लागली तर विहिरीत पाणी राहणार नाही. सौर पंपाला बिल नसते, विहिरीला असते. पिकाला पाणी नको असेल त्या दिवशी पंप बंदच ठेवावा. आपला कंट्रोलर इतर यंत्रे चालविणारा असेल तर त्या वेळी त्यावर कडबाकुट्टी चालवावी.

पातळी खाली गेली की वीज किती वाढते याचा हिशेब आता आपण स्वतः करू शकता. बारा मीटरवरील पाणी सोळा मीटरवर गेले की तेवढ्याच पाण्याला एक तृतीयांश वीज जास्त. शंभर मीटरच्या बोअरवेलमधून काढायचे झाले तर आठपट. म्हणून विहिरीतील पाणी वर राहणे हीच विजेची सर्वांत मोठी बचत होय. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली हे करून दाखवले आहे. पाणलोटाची कामे तर झालीच, पण त्यापुढे जाऊन गावाने सिंचनासाठी बोअरवेल घेणे बंद केले, जादा पाणी पिणाऱ्या पिकांना आळा घातला आणि पाऊस मोजून दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत पाडली. पाऊस कमी तर पिकेही त्याप्रमाणे. विजेची बचत हा त्यांचा हेतू नव्हता. पण उथळ विहिरीतून पाणी काढणाऱ्या गावाला वीज कमी लागते, हे त्याबरोबर आपोआप साधते.

सुरू उसाला हंगामात सुमारे २५०० मि.मी. पाणी लागते, हरभऱ्याला २०० ते २५० मि.मी. मध्ये भागते. ऊस घेऊ नका असे मी म्हणत नाही. आमच्याच घरी आहे. विहीर मार्चनंतर किती तास चालते हे पाहून क्षेत्र ठरवा, ऑक्टोबरमध्ये ती तुडुंब दिसते ते पाहून ठरवू नका.

जाता जाता आणखी एक. शेतीत ऊर्जा केवळ मोटारीतूनच येते असे नाही. ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीच्या निर्मितीत सुमारे तीस लिटर डिझेलइतकी ऊर्जा खर्च होते. माती परीक्षण न करता टाकलेली एक जादा गोणी म्हणजे बांधावर ओतलेले डिझेल. ताग-धैंचा, शेणखत आणि द्विदल पिकांची फेरपालट यांचे महत्त्व या दृष्टीनेही पाहावे. ट्रॅक्टरची खोल नांगरट दर वर्षी करण्याचीही सर्वच जमिनींना गरज नसते. या विषयावर स्वतंत्रपणे लिहिण्याचा विचार आहे.

तूर्त एवढे करावे. खरिपाची पिके निघाल्यावर, विहीर भरलेली असताना, वर सांगितल्याप्रमाणे टाकी लावून पंप तपासावा. फुटव्हॉल्व्ह काढून साफ करावा, पाइपचे तोंड खाली घ्यावे, आणि पाइपलाइन बदलायची असेल तर उभे पीक येण्यापूर्वीच चर खोदून घ्यावा. तारीख, पाण्याची पातळी, टाकी भरण्यास लागलेले सेकंद आणि मिळाली तर युनिट, एवढे चार आकडे पंपघराच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवावेत. मार्चमध्ये त्याच्याच खाली पुन्हा लिहावेत. डीपीवरील इतर शेतकऱ्यांनाही तसे लिहायला सांगावे, म्हणजे बैठकीला बसाल तेव्हा कोणाच्या पंपापासून सुरुवात करायची ते भिंतीवरच दिसेल.